पाच फुटी प्लांटेड टँकवर कुठला लाईट? फ्लड, टी-५ आणि चिहिरोस वापरून झाल्यावर

आमचा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती आणि मासे ठेवलेली काचेची टाकी, पाच बाय दोन बाय दोन फुटांचा आहे. १२ मिमी काच. काठोकाठ भरला तर साडेपाचशे लिटर, पण माती, दगड आणि लाकूड वजा जाता पाणी पाचशेच्या आतबाहेर राहतं. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत, जमिनीवर बांधून घेतलेल्या कट्ट्यावर हा टँक उभा आहे. या टँकवर मी वेगवेगळे लाईट लावून, काढून, परत लावून पाहिलेत. त्यांतला कुठला कुणी घ्यावा हे इथे सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हवं होतं तेव्हा मोठ्या टँकसाठी असं काही मराठीत वाचायला मिळालं नाही.

छोट्या टँकला बरंचसं चालून जातं. फूटभर पाणी असेल तर साध्या पांढऱ्या एलईडीवरही झाडं जगतात. दोन फूट खोल आणि दोन फूट रुंद टँक झाला की मात्र सगळा हिशोब बदलतो. लाईट तळापर्यंत पोचायला हवा, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत पसरायला हवा, आणि तरी इतका जास्त होता कामा नये की शेवाळ धरेल. या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळणं हीच खरी निवड आहे. कंपनी कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुकानात गेलात तर पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, एवढ्या मोठ्या टँकला दोनशे वॅट तरी पायजेच." सांगणारा मुलगा मनापासून सांगत असतो, पण लिटरला अमुक वॅट हा नियम ट्यूबलाईटच्या काळातला आहे. तेव्हा सगळ्या ट्यूब वॅटमागे साधारण सारखाच उजेड द्यायच्या, म्हणून तो चालायचा. आजचा एखादा एलईडी वॅटमागे ७० लुमेन देतो, एखादा १५०. वॅटवरून वीजबिल कळेल, उजेड कळणार नाही. लुमेन त्यापेक्षा बरं, पण लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट पिवळा प्रकाश सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून लुमेन मोजताना त्याला झुकतं माप मिळतं. झाडाच्या पानाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश कामाला येतो. तो मोजायचं माप म्हणजे पार (PAR): एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाश पडतो त्याचा आकडा. अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा, बहुतेक क्रिप्टोकोरीन या झाडांना तळाशी १५ ते ३० मिळालं तरी भागतं. हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया, साधा रोटाला यांना ३० ते ६०. जमिनीवर पसरणारा मोंटे कार्लो किंवा लाल पानांची झाडं हवी असतील तर ५० च्या पुढे. हे आकडे ढोबळ आहेत, पण लाईट निवडताना हातात काहीतरी धरायला मिळतं.

पार मीटर महाग असतो, हौसेसाठी घ्यावा असा नाही. माझ्याकडे स्टुडिओतला लक्स मीटर, म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने उजेड मोजणारं यंत्र, होता, त्याचा डोळा वायरने वेगळा निघतो. तो पारदर्शक झिपच्या पिशवीत घातला, खाली एक चपटा दगड ठेवला, आणि टँकच्या तळाशी कोपऱ्या-कोपऱ्यात सोडून आकडे लिहून घेतले. साध्या पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या एलईडीखाली लक्सला साधारण ६५ ते ७० ने भागलं की पारचा अंदाज येतो. उन्हासाठी ५४ ने भागतात. लाल-निळे डायोड वेगवेगळे असलेल्या लाईटखाली मात्र हा भागाकार चालत नाही, कारण लक्स मीटर लाल आणि निळा प्रकाश फार कमी धरतो. ज्यांच्याकडे पांढरा लाईट आहे त्यांनी हा उद्योग जरूर करावा. कोपरे किती अंधारे आहेत ते डोळ्याला अजिबात कळत नाही. डोळा जुळवून घेतो, मीटर घेत नाही. फोटोच्या धंद्यात हे आम्ही रोज बघतो.

टँकबरोबर झाकणातच बसवलेला एक लाईट आला होता. त्याबद्दल थोडक्यात: निळसर पांढरा, मधेमधे गुलाबी डायोड, मासे चकाकताना दिसतात. तळाशी झाडांच्या कामाचा उजेड जवळजवळ शून्य. अशा लाईटच्या खोक्यावर रोपांचं चित्र असलं तरी तो दोन फूट खोल टँकसाठी नाही. फक्त मासे ठेवायचे असतील तर ठीक.

आता फ्लड लाईट. पोवई नाक्याच्या बाजूच्या इलेक्ट्रिकल दुकानातून ५० वॅटचे दोन आणले, पांढरे, ६५०० केल्विन. एलईडी हॅलोजन मागितलात तरी दुकानदार हेच काढून देतो. दोन्ही मिळून दीड-दोन हजारांत काम झालं. छताला हूक मारून पाण्यापासून फूटभर वर टांगले. तळाशी मधोमध साडेतीन हजार लक्स आले, म्हणजे पन्नासच्या आसपास पार. एवढ्या पैशात हे उत्तमच. पण दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. झाडांनी तेच दाखवलं. मधल्या रोटालाच्या काडीवर एका पेराचं अंतर नखाएवढं, पानं एकावर एक दाटलेली. त्याच दिवशी, त्याच गड्डीतून लावलेली कोपऱ्यातली काडी बघितली तर पेरापेरात बोटभर अंतर, खालची पानं गळून दांडा उघडा पडलेला, आणि शेंडा मधल्या उजेडाकडे वाकलेला. लाईट पुरतोय की नाही हे बघायला माझ्या मते पेरांसारखं दुसरं मोजमाप नाही. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी पट्टी घेऊन पेरं मोजावीत.

फ्लडचा एक फायदा महागड्या लाईटमध्येही तेवढा मिळत नाही. प्रकाश एका ठिकाणाहून निघत असल्यामुळे पाणी हललं की वाळूवर उजेडाच्या रेघा सरकतात. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली बघावं तसं दिसतं. माझे सासरे, अण्णा, संध्याकाळी खुर्ची ओढून त्या रेघाच बघत बसायचे. फ्लड काढले तेव्हा सगळ्यात जास्त चुकचुकले ते अण्णाच.

तोट्यांचंही स्पष्ट सांगते. स्वस्त फ्लडमध्ये वेगळा ड्रायव्हर, म्हणजे डायोडला स्थिर वीज देणारा भाग, नसतो, सर्किट डायोडच्याच पट्टीवर असतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे लाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण मोबाईलवर स्लो मोशन घेतलंत की काळे पट्टे फिरताना दिसतात. झाडांचं त्याने काही बिघडत नाही. टँकचे व्हिडिओ काढायचे असतील तर मात्र डोकं उठतं. दुसरं, रंग. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा डायोड आणि वर पिवळा लेप एवढंच असतं, खोल लाल प्रकाश फार कमी. त्यामुळे हिरवं सगळं बरं दिसतं, पण अल्टरनँथेराचं लाल पान विटकरी-तपकिरी दिसतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: फ्लड कमी-जास्त करता येत नाही. चालू किंवा बंद. उजेड कमी करायचा तर वर उचला, आणि वर उचलला की अर्धा उजेड खोलीभर सांडतो.

हे सांडणं नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण मोठ्या टँकवर पैसे तिथेच वाया जातात. पाण्यात शिरलेला प्रकाश फारसा बाहेर पडत नाही. तिरपा आलेला किरण पाण्यात शिरताना सरळ होतो; हवेत ६० अंशांनी तिरपा असलेला पाण्यात ४० अंशांवर येतो. मग तो बाजूच्या काचेवर अशा कोनात आदळतो की बाहेर न जाता पूर्ण परत आत फिरतो. म्हणजे चारी काचा आतल्या बाजूने आरशाचं काम करतात. प्रकाश वाया जातो तो पाण्यात शिरायच्या आधी, लाईट आणि पाण्याच्या मधल्या हवेत. म्हणून लाईट गरजेपेक्षा वर टांगू नका. आणि मागच्या काचेला काळा ऑइलपेंट थेट फासला असेल तर ती काच हे काम करत नाही, रंग तो प्रकाश गिळून टाकतो. काळी फिल्म नुसती बाहेरून टेकवून लावली, मधे हवेची पातळ फट राहिली, तर परावर्तन शाबूत राहतं. मी फिल्म लावली आहे.

पाणी स्वतः किती प्रकाश खातं? स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश आधी विरतो. अर्ध्या मीटरमध्ये ६५० नॅनोमीटरचा साधारण सहावा हिस्सा जातो, निळा जवळजवळ तसाच पोचतो. पण टँकमध्ये नवं लाकूड असेल आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं असेल तर उलटं होतं, तो पिवळेपणा निळा प्रकाश खातो. काचेच्या झाकणावरचे क्षार तर सरसकट सगळंच अडवतात. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं, ते मऊ असल्यामुळे झाकणावर पांढरं साचत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी दर आठवड्याला झाकण व्हिनेगरने पुसावं. महागडा लाईट घेऊन त्याखाली पांढरट काच ठेवलेली मी बघितली आहे, तेव्हा जीव हळहळतो.

टी-५, म्हणजे बारीक ट्यूबलाईट, त्याबद्दल थोडं. एका फोटोग्राफर मित्राकडून ५४ वॅटच्या चार फुटी ट्यूबचा जुना सेट आणून लावून बघितला. उजेडाचा पसारा अजूनही लाजवाब. लांब ट्यूब, मागे चांगला रिफ्लेक्टर, सावल्या मऊ, कोपरे भरलेले. पण ट्यूब वर्षभरात मंदावतात आणि बदलाव्या लागतात, नव्या आता सहज मिळत नाहीत, आणि उन्हाळ्यात त्यांच्या गरमीने पाणी तापतं. ज्यांच्याकडे सेट आहे आणि ट्यूबचा साठा आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. नव्याने मात्र कुणी घेऊ नये.

आता ज्यावर मी थांबले तो लाईट. चिहिरोस डब्ल्यूआरजीबी टू, ६० सेंटिमीटरचे दोन. चिनी कंपनी आहे, प्लांटेड टँकवाल्यांत चांगली माहितीची. दोन्हीची किंमत मिळून घरात मध्यम आकाराचा फ्रीज येईल एवढी होते, म्हणून हा भाग जरा लांबवते.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: पाच फुटी टँकला एक लांब लाईट का नाही? १२० सेंटिमीटरचा एक घेतला असता तर दोन्ही टोकांना सहा-सहा इंच उघडी राहिली असती, आणि फ्लडने मला दाखवलं होतं की टोकंच उपाशी राहतात. ६० चे दोन घेतले, प्रत्येक आपापल्या अर्ध्या टँकच्या बरोबर मध्यावर. आता टोकांना तीन-तीन इंच आणि मधे सहा इंच मोकळं राहतं. मधली सहा इंचं दोन्हीकडून भरून निघतात. पण खरं कारण वेगळंच आहे. माझ्या टँकच्या डाव्या बाजूला मोठं लाकूड आहे, त्यावर अनुबियास आणि जावा फर्न. उजवी बाजू मोकळी आहे, तिथे पुढे मोंटे कार्लो आणि मागे रोटालाची झुडपं. एकाच टँकमध्ये या दोन बाजूंची गरज दुपटीने वेगळी आहे. अनुबियासवर जास्त लाईट पडला तर त्याची जाड, सावकाश वाढणारी पानं शेवाळाचं घर होतात. काळ्या ब्रशसारखं शेवाळ एकदा पानाच्या कडेला धरलं की ते पान कापूनच टाकावं लागतं. आता डावा लाईट ४० टक्क्यांवर आणि उजवा ६५ वर चालतो. मोठ्या टँकसाठी लाईट घेणाऱ्याला माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे: एक मोठा घेऊ नका, वेगवेगळे कमी-जास्त करता येतील असे दोन घ्या, मग कंपनी कुठलीही असो.

लाईटची बांधणी पातळ अॅल्युमिनियमची, पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. रात्री खोलीत फक्त फिल्टरचं पाणी ऐकू येतं. एकेक लाईट साठ-सत्तर वॅटचा. मोबाईलला ब्लूटूथने जोडला की लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, वेळ लावता येते, आणि उजेड हळूहळू चढवता-उतरवता येतो. हे चढणं-उतरणं मला आधी दिखाऊ वाटलं होतं. पण फ्लड खाडकन लागले की कार्डिनल टेट्रा टँकभर सैरावैरा पळायचे. आता अर्ध्या तासात उजेड चढतो आणि मासे जागचे हलत नाहीत. ही सोय माशांसाठीच आहे असं मी मानते.

रंगांबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण आयुष्य त्यातच गेलंय. आरजीबी, म्हणजे लाल, हिरवे, निळे डायोड वेगळे असलेल्या, लाईटखाली लाल पान जेवढं लाल आहे त्याहून अधिक लाल दिसतं. हा अशा सगळ्याच लाईटचा स्वभाव आहे, कारण लाल डायोडचा नेमका लाल पट्टा पानाच्या लालीवर पडून परत फिरतो. बघायला फार सुंदर. पण झाडाची तब्येत तपासताना ध्यानात ठेवावं लागतं. लोहाची कमतरता असली तर शेंड्याची कोवळी पानं फिकट पडतात, आणि ती फिकटी आरजीबीखाली लपते. म्हणून आठवड्यातून एकदा मी एक शेंडा खुडून खिडकीच्या उजेडात धरून बघते. टँकचा फोटो काढताना मोबाईलचा व्हाईट बॅलन्स हातानेच लावा, आपोआपवर ठेवलात तर सगळं जांभळं येतं.

तिन्ही रंग एकाच आकड्यावर ठेवू नका, आणि हिरवा अगदी खाली पाडून टँक गुलाबी करून टाकू नका. झाडाला हिरव्या प्रकाशाचा उपयोग नसतो असं अजून सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. १९७२ साली मॅक्री यांनी पिकांच्या २२ जातींच्या पानांवर मोजून दाखवलं की हिरव्या प्रकाशावरही पान चांगलंच काम करतं. शिवाय हिरवा प्रकाश जाड पानात खोलवर शिरतो. नुसते जांभळे ग्रो लाईट विकणाऱ्यांच्या नादी लागून दिवाणखान्यातला टँक बिघडवू नये. मी लाल जरा पुढे, हिरवा त्याच्या खालोखाल, निळा सगळ्यात मागे असं ठेवलंय, आणि डोळ्याला टँक पांढरा दिसतो.

जवळून बघितलं तर एक गोष्ट दिसते. हा लाईट पाण्याच्या चार इंच वर, स्टँडवर ठेवला होता तेव्हा लाटेच्या प्रत्येक रेघेची एक कड लालसर आणि दुसरी निळसर दिसायची. पांढऱ्या वाळूवर तर फारच. तीन रंगांचे डायोड वेगवेगळ्या जागी असतात, त्यांचे किरण एकमेकांत मिसळायला थोडं अंतर लागतं. आठ इंचांवर टांगला आणि ते जवळजवळ गेलं. दोन फूट रुंद टँकला पुढून मागे पसरायलाही आठ इंच बरोबर बसतात. टांगायची तार मी वेगळी घेतली. स्लॅब असेल तर अँकर फास्टनर मारून घ्या, लाकडी माळवदाच्या घरात तुळईत स्क्रू मारा, फळीत नाही.

आता उजेड वाढवायचा म्हणजे नेमकं काय होतं, ते. लाईट म्हणजे झाडाला भूक लावणं. भूक लावली आणि ताटात काही वाढलं नाही तर झाड रोडावतं आणि मोकळी जागा शेवाळ घेतं. ताटातलं जेवण म्हणजे सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) आणि खत. सीओटू नसेल तर पाच फुटी टँकवर हे दोन लाईट पूर्ण ताकदीने लावणं म्हणजे शेवाळाची शेतीच. माझ्याकडे सिलिंडर आहे, एमआयडीसीत अग्निशामक सिलिंडर भरून देणाऱ्याकडून भरून आणते. टँकमध्ये ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी कुपी, लावलाय, त्याचा रंग निळ्यावरून पोपटी होईपर्यंत मी लाईट वाढवत नाही. सीओटू लाईटच्या तास-दोन तास आधी सुरू करायचा, म्हणजे उजेड पडेल तेव्हा पाण्यात तो तयार असतो. ज्यांना सिलिंडरची भानगड नको त्यांनी लाईट ३० टक्क्यांच्या आत ठेवावा आणि अनुबियास, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिस्नेरियावर टँक सजवावा. तोही देखणाच होतो. आणि मग एवढा महाग लाईट घ्यायची गरजही उरत नाही. त्यांच्यासाठी माझं मत सरळ आहे: चांगल्या ड्रायव्हरचे ३० वॅटचे तीन फ्लड घ्या, सारख्या अंतरावर टांगा, आणि उरलेल्या पैशात झाडं घ्या.

वेळ किती? नवा टँक असेल तर दिवसाला सहा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. झाडं रुजली, नवी पानं सुटली की आठ. आमचा लाईट दुपारी दोनला लागतो आणि रात्री दहाला मावळतो, म्हणजे स्टुडिओ बंद करून आले की टँक समोर असतो. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन काचेवर येत असेल तर पडदा लावा. ते ऊन लाईटच्या हिशोबात धरलेलं नसतं, आणि काचेवर हिरवी भुकटी नेमकी त्याच बाजूला धरते. फ्लड किंवा टी-५ टायमरवर चालवणाऱ्यांनी बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्यावा. पावसाळ्यात लाईट गेली की चकतीचा टायमर जागीच थांबतो. दोन-तीन महिन्यांत टँकची संध्याकाळ सरकत मध्यरात्रीपर्यंत जाते.

विजेचं बिल फार येतं का, असं शेजारी विचारतात. दोन्ही लाईट पूर्ण ताकदीने आठ तास चालवले तर दिवसाला साधारण एक युनिट. माझे निम्म्यावर चालतात, म्हणजे महिन्याला पंधरा-सोळा युनिट.

झाडं निवडताना साताऱ्याच्या माणसाला कासचा मोह होतो, म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. पावसाळ्याच्या शेवटी पठारावरच्या उथळ डबक्यांत वायतुरा उगवतो, त्याची मोहराची दोन फाट्यांची काडी वर आलेली असते. शेजारी ओलसर जागेत गेंदाची पांढरी गोल डोकी. दुकानात एरिओकॉलॉन म्हणून जी महागडी झाडं येतात ती या गेंदाच्याच कुळातली. ती इतकी अवघड का, याचं उत्तर पठारावर उभं राहिलं की मिळतं. डबक्यात पाणी वीतभर, आणि वर उघडं आभाळ. ढग बाजूला झाले की भर दुपारच्या उन्हाचा पार २००० च्या आसपास जातो. दोन फूट खोल टँकच्या तळाशी आपण कष्टाने पन्नास-साठ पोचवतो. म्हणून एवढ्या खोल टँकमध्ये अशी झाडं तळाशी लावायचा हट्ट धरू नये. फारच हौस असेल तर मागे माती चढवून उंचवटा करावा आणि लाईटच्या बरोबर खाली वरच्या अंगाला लावावीत. आणि कासवरून झाड तर सोडाच, काडीही उचलू नये. वायतुरा आपल्याच भागातला, जगात इतरत्र नसलेला आणि धोक्यात आलेला. त्याचं शास्त्रीय नावसुद्धा साताऱ्यावरून आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. २०१२ पासून पठार जागतिक वारशात आहे. नर्सरीत वाढवलेली झाडं मिळतात, ती घ्यावीत.

लाईट कुठलाही लावा, टँकच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. धातूची बॉडी, खाली पाचशे लिटर पाणी आणि त्यात आपला हात, हे रोजचं आहे. थ्री पिनचं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, जुन्या पेठांतल्या घरांत ते नसतंच बऱ्याचदा. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून गळून पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टांगलेल्या प्रत्येक लाईटला एक जादा पोलादी तार बांधा. फ्लड तर वजनदार असतो, एक हूक निसटला तर दुसऱ्यावर राहिला पाहिजे. यात कुणी दोन-तीन हजारांची काटकसर करताना दिसलं की मी भांडायलाही कमी करत नाही.

माझे काढलेले दोन्ही फ्लड वाया गेलेले नाहीत. गच्चीच्या जिन्याखाली प्लास्टिकच्या टबात छाटणीची झाडं ठेवली आहेत, पाणी जेमतेम सहा इंच, आणि तिथे ते फ्लड झकास काम करतात. उजव्या बाजूचा रोटाला दर दोन आठवड्यांनी पाण्याच्या वर येतो, कापावाच लागतो, आणि त्या काड्या टाकवत नाहीत. साताऱ्यात कुणी नवा टँक लावत असेल तर रविवारी सकाळी स्टुडिओत यावं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते. रोटाला आणि हायग्रोफिला भरपूर आहे, मोंटे कार्लो थोडा.